अफवेलाही साथीसारखेच हाताळावे

लसीकरणाचा दिवस ठरतो. परिचारिका लस घेऊन केंद्रावर येते, आशाताई घरोघर निरोप देतात. आणि त्याच सकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर संदेश येतो, ‘अमुक ठिकाणी ही सुई टोचल्यावर मुले दगावली, आपल्या मुलांना सांभाळा.’ कोणते गाव, कोणता दिवस, कोणी पाहिले, यातले काहीच त्यात नसते. तरीही दुपारपर्यंत केंद्रापुढची रांग आखूड होते. अशा वेळी ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणून आपण सुशिक्षित मंडळी मोकळे होतो. माझ्या मते हे निदान चुकीचे आहे. आणि निदान चुकले की उपचारही चुकतो.

अफवा ही काही मोबाईलची देणगी नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, तेथे मुद्दाम मारतात, अशी बोलवा उठली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. आज आपण ज्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतो तेच हे. पुढे डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. तरीही या लशीने पुरुषत्व जाते, अशी कुजबुज सुरू झालीच. २०२१ साली कोविडच्या लशीबाबत हीच कुजबुज आपण सर्वांनी ऐकली. सव्वाशे वर्षांत अफवेचा मजकूरसुद्धा फारसा बदललेला नाही. बदलला तो तिचा वेग आणि तिच्या वाटा.

या वाटांचा माग काढणारी अभ्यासाची एक नवी शाखा गेल्या दोन-अडीच दशकांत वाढली आहे. तिला संगणकीय समाजविज्ञान म्हणतात. लाखो संदेश कोणाकडून कोणाकडे गेले याचा नकाशा संगणकावर मांडायचा आणि त्यावरून समाज कसा वागतो ते पाहायचे, अशी तिची रीत. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या बातम्यांचा असा माग काढला. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती. पंधराशे लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. आणि हा प्रताप यंत्रांचा नव्हे, माणसांचाच होता. खोट्या बातमीत नवल असते. सत्य बिचारे बहुधा जुनेच असते. ‘गोवराची लस वेळेवर द्या’ यात नवल ते काय?

आता आपल्या परिसराचा विचार करू. भाईंदर पश्चिमेला उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आहेत. इथला एखादा गृहस्थ किती गटांत असतो ते मोजून पाहावे. भावकीचा एक गट, शाळेच्या पालकांचा दुसरा, मंडळाचा तिसरा, कामावरच्या मंडळींचा चौथा, बायकोच्या माहेरचा पाचवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवून दिले होते की नवी खबर सख्ख्या माणसाकडून क्वचित येते. ती दूरच्या ओळखीतून येते. घरातल्यांना जे ठाऊक तेच आपल्याला ठाऊक असते. अंधेरीच्या कचेरीतला सहकारी वेगळ्याच जगातली बातमी आणतो. नोकरीची खबर ज्या वाटेने येते त्याच वाटेने अफवाही येते. एकदा गावच्या गटात शिरली की ती तीन-चार ओळखीच्या तोंडून पुन्हा ऐकू येते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानी पडली की ती खरी वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रयोगाने सिद्ध केले आहे. वास्तविक चौघांनी सांगितलेले असले तरी उगम एकच असतो.

थोडा हिशेब करू. २५६ जणांचा एक गट, असे पाच गट म्हणजे १,२८० माणसे. त्यांपैकी शंभरात एकानेच, म्हणजे बारा जणांनी, तो संदेश अशाच पाच-पाच गटांत ढकलला तर दुसऱ्याच फेरीत पंधरा हजारांचा आकडा ओलांडतो. काही जण दोन गटांत असतील असे धरले तरी आकडा लहान नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्या बांधवांचा जीव गेला. देशात अशा घटना लागोपाठ घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अभ्यासकांनी या मर्यादेची तपासणी केली तेव्हा दिसले की तिने अफवेचा वेग कमी होतो, पण ती थांबत नाही. बांध घातला तरी पाणी झिरपतेच.

आरोग्याच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मे २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास. नील जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुकवरील लशींच्या चर्चेचा नकाशा काढला. लशीच्या बाजूचे गट १२४ होते आणि त्यांत सुमारे ६९ लाख माणसे होती. विरोधी गटांत माणसे कमी, सुमारे ४२ लाख. पण गट मात्र ३१७. खरी गोम पुढेच आहे. ज्यांचे मत अजून ठरलेले नाही अशा सात कोटींहून अधिक लोकांच्या गटांशी, म्हणजे पालकांच्या, शेजाऱ्यांच्या मंडळींशी, विरोधकांचे धागेदोरे जुळलेले होते. लशीची बाजू घेणारे मात्र बहुतांशी आपापसातच बोलत होते. आम्हा डॉक्टर मंडळींनी हे मनाला लावून घेतले पाहिजे. आम्ही परिषदा घेतो, फलक लावतो, पत्रके छापतो. ज्या आईच्या मनात शंका आहे ती ज्या गटात बोलते तेथे आमच्यापैकी कोणीच नसतो.

याची किंमत मुले मोजतात. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. म्हणून शंभरातील ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच हा रोग आटोक्यात राहतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि बालके दगावली. सगळा दोष अफवेच्या माथी मारणे बरोबर नाही. कोविडच्या काळात डोस चुकले होते, रोजंदारी बुडवून केंद्रावर येणे सर्वांना जमत नाही, कामासाठी कुटुंबे गाव बदलतात. पण जेथे शंभरात पाचच मुले मागे राहणे परवडते, तेथे भीतीने दहा घरांची दारे बंद झाली तरी साथीला वाट मिळते.

मग उपाय काय? एखादे व्याख्यान ठेवावे, असे आपल्याला चटकन सुचते. २०१९ साली बिहारमध्ये संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी लोकांना घरी जाऊन तासभर खोटी बातमी ओळखायला शिकवले. एकूण फरक जवळजवळ पडलाच नाही. पुढे त्याच राज्यात ५८३ गावांतील १३ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना सुमारे चौदा आठवड्यांच्या काळात वर्ग घेऊन हाच विषय शिकवला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्याची त्यांची क्षमता वाढली. ती चार महिन्यांनंतरही टिकली आणि पालकांपर्यंतही काही प्रमाणात पोहोचली. तात्पर्य, एका सुईत ही प्रतिकारशक्ती येत नाही. डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी (यांच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, म्हणजे मराठीच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील गावांत एक साधा प्रश्न विचारला, ‘गावभर बातमी पोहोचवायची असेल तर कोणाला सांगावे?’ लोकांनी जी नावे सांगितली त्यांच्याकडे माहिती दिली, तेव्हा ती प्रतिष्ठितांना दिलेल्या माहितीपेक्षा अधिक पसरली. हरियाणात अशाच माणसांना लसीकरणाच्या तारखा कळवल्यावर, वाटेल त्या व्यक्तीला निवडलेल्या गावांपेक्षा लस घेणारी मुले सुमारे पाचव्या हिश्शाने वाढली. पुढाऱ्यांच्या हस्ते फीत कापून जे साधत नाही ते गावच्या बोलक्या बाईने साधते!

म्हणूनच माझी सूचना अशी. मीरा-भाईंदर महापालिकेच्या आरोग्य विभागाने मुर्ध्यासारख्या गावात आणि नव्या इमारतींतही हाच प्रश्न विचारावा. उत्तरात मासळी घेऊन दारोदार फिरणारी कोळीण येईल, बचत गटाची बाई येईल, एखादा दूधवाला किंवा इमारतीचा रखवालदार येईल. त्यांना लसीकरणाची तारीख आधी कळवावी आणि शंका विचारायला एक ओळखीची परिचारिका द्यावी. मुख्य म्हणजे काहीही लपवू नये. गोवर-रुबेलाच्या लशीनंतर साधारण सात ते बारा दिवसांनी काही मुलांना हलका ताप व पुरळ येतो आणि तो आपोआप जातो. हे आधी सांगितले तर आई घाबरत नाही. न सांगितले तर तोच ताप उद्याच्या अफवेचा पुरावा ठरतो.

वाचकांनीही तीन गोष्टी पाळाव्यात. ज्या संदेशात गाव, तारीख आणि जबाबदार नाव नाही तो पुढे पाठवू नये. चौघांकडून आला म्हणून तो चारदा खरा मानू नये. आणि घरातले वडीलधारे असा संदेश पाठवतात तेव्हा गटात सर्वांसमोर त्यांचा पाणउतारा करू नये. त्यांनी तो काळजीपोटीच पाठवलेला असतो. बाजूला बोलावून किंवा फोन करून खरे काय ते सांगावे. रोगजंतू माणसाला न विचारता पसरतो. अफवा मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी हाताने पुढे ढकलावी लागते. तेवढा हात आवरणे आपल्या स्वाधीन आहे.

आणि आजच घरातील लहानग्याचे लसीकरण कार्ड काढून पाहावे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत द्यावयाचा असतो. शासकीय केंद्रावर तो मोफत मिळतो. राहून गेला असेल तर संकोच न करता जवळच्या आरोग्य केंद्रात जावे आणि लस दिल्यावर ती बातमी मात्र आपल्या सर्व गटांत अवश्य पाठवावी.