रत्नागिरीचे मेडिकल कॉलेज आणि आपली मुले

देवरूख : रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एमबीबीएसच्या जागा १००. त्यातील १५ अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ पैकी १३ टक्के, म्हणजे सुमारे ११ जागा अनुसूचित जातींच्या. कॉलेज संगमेश्वर तालुक्याच्या जवळ आले, पण या जागांवर हक्क राज्यभरातील मुलांचा आहे. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो, पत्त्यावर नाही.

कॉलेजच्या फीची धास्ती घेऊ नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, त्यावर असेल तर फ्रीशिप. वसतिगृह न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. कंबरडे मोडते ते प्रवेशाआधी : नीटच्या क्लासची फी आणि शहरातल्या खोलीचे भाडे. त्याला ही शिष्यवृत्ती लागू नाही.

दुसरा अडसर कागदाचा. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत नसेल तर राखीव जागा हातची जाते. बौद्धांना १९९० पासून केंद्राच्याही सवलती आहेत, पण अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो.

तेव्हा गावशाखा आणि मुंबई शाखांनी जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा नीटच्या तयारीसाठी राखावा. अकरावी सायन्सला गेलेल्या प्रत्येक मुला-मुलीचा वैधतेचा अर्ज त्याच वर्षी भरून घ्यावा. निकालानंतर धावाधाव करून उपयोग नाही.