कापूस, लिपि आणि राज्यसत्ता

आमच्या पिंप्राळ्याच्या परिसरांत कापूस हें नुसतें पीक नव्हे. लग्नकार्य, मुलांचें शिक्षण आणि सावकाराचें देणें, या तिन्हींचा निकाल त्याच्या भावावर लागत आला आहे. म्हणून रशियांतील साम्यवादी राज्याविषयीं लिहितांना आम्ही क्रेमलिनपासून नव्हे, तर कापसाच्या शेतापासून आरंभ करितों.

१८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें व तेथील कापूस यूरोपास मिळेनासा झाला. तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि खानदेश-वऱ्हाडाकडे वळली आणि रशियन गिरण्यांची मध्य आशियाकडे. १८६५ सालींच झारच्या सैन्यानें ताश्कंद जिंकलें. एकाच टंचाईनें दोन दूरदूरचे शेतकरी जगाच्या बाजाराशीं बांधले गेले.

१९१७ सालीं क्रांति झाली. नव्या सत्तेनें सर्व राष्ट्रजातींस समान हक्क, इतकेंच नव्हे तर विभक्त होण्याचाहि अधिकार, जाहीर केला. यादवीच्या काळांत शेतकऱ्याचें धान्य सक्तीनें नेलें जात असे. १९२१ सालीं लेनिननें तें धोरण सोडून ठराविक कर घ्यावा व उरलेलें धान्य शेतकऱ्यास विकूं द्यावें असें ठरविलें. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं राजाचा वाटा सामान्यतः सहावा सांगितला, त्यांतील मर्म हेंच कीं, वाटा आधीं ठरलेला असावा.

१९२४ सालीं मध्य आशियाचे भाषा व जाति पाहून विभाग पाडले गेले. उझबेक व तुर्कमेन अशीं प्रजासत्ताकें झालीं. ताजिकांस तो दर्जा १९२९ सालीं मिळाला, परंतु ताजिकभाषी वस्तीचीं समरकंद व बुखारा हीं नगरें उझबेकांकडेच राहिलीं. स्वभाषेंतून शाळा निघाल्या, साक्षरता वाढली. याचा उपहास आपण करूं नये. आपल्या काँग्रेसनेंहि १९२० सालीं नागपुरास भाषावार प्रांतिक समित्यांचें तत्त्व स्वीकारलें होतें.

परंतु पुढें काय झालें? १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अरबी लिपि काढून लॅटिन लिपि आणली गेली. १९४० च्या सुमारास तीहि जाऊन रशियन लिपि आली. आजोबांचें पत्र नातवास वाचतां येईना. आपल्या घरांतील मोडी दप्तरेंहि आज मुलांस अक्षरशत्रु झालीं आहेत, हें खरें. पण तेथें बारा-पंधरा वर्षांत दोनदां, आणि वरून आलेल्या हुकुमानें, हा पालट घडला.

शेतीचेंहि तेंच. १९२९ पासून सामुदायिक शेतीची सक्ती झाली. धान्याच्या जमिनी कापसाखालीं गेल्या, आणि किती पिकवावें व काय भावानें द्यावें हें मॉस्को ठरवूं लागलें. शेजारच्या कझाकस्तानांत भटक्या पशुपालकांचीं जनावरें गेलीं. १९३० ते १९३३ च्या दुष्काळांत दहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. १९३७ सालीं पूर्व सीमेवरील सुमारें पावणेदोन लाख कोरियन लोक, केवळ जातीमुळें संशयित ठरून, मध्य आशियांत लोटले गेले. उझबेक सरकारचे प्रमुख फैझुल्ला खोजायेव यांस १९३८ सालीं गोळी घालण्यांत आली. पुढें कापसासाठींच नद्यांचें पाणी वळविल्यानें १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. १९९१ सालीं तें संघराज्यहि संपलें.

आतां आपल्याकडे पाहूं. डिसेंबर १९३६ मध्यें आमच्याच जिल्ह्यांतील फैजपूर येथें पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेस भरली व तींत शेतकऱ्यांसाठीं कार्यक्रम मान्य झाला. १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. दुसऱ्यास कापूस विकणें शेतकऱ्यास मना झालें. ती योजना आतां इतिहासजमा झाली आहे. चुकारे उशिरां मिळतात म्हणून त्या काळीं पुष्कळ ओरड झाली. परंतु ओरडतां आलें, हेंच महत्त्वाचें! कापूस सोडून केळी लावणाऱ्याच्या आड कोणी आलें नाहीं, आणि मतपेटींतून सरकार बदलण्याचा मार्गहि खुला होता.

राज्यानें शेतकऱ्याचा व्यापारी व्हावें कीं नाहीं, याविषयीं सुज्ञांत मतभेद राहतील. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सत्तेनें दिलेल्या शाळा मोजतांना त्या शाळेंत शिकलेल्या मनुष्यास स्वभाषेंत ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक होती काय, हेंहि विचारावें. घरांतील कर्त्या पुरुषानेंहि हाच प्रश्न कधीं कधीं स्वतःस विचारावयास हरकत नाहीं.