घरांतील यंत्रें : टाकीची पन्हळ

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे कौलें चाळून घ्यावीं, पन्हळींतील पालापाचोळा काढावा, हें आपल्या घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु दारांत उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलीलाहि एक पन्हळ असते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांच्या गांवींहि नसते. एकत्र कुटुंबांत अशी गाडी थोरल्यांनीं घेतलेली, धाकट्यांनीं वापरलेली, आणि सर्वांची म्हणून कोणाचीच नसलेली अशी असते. तेव्हां तिच्या पन्हळीकडे पाहावें कोणीं?

फार जुन्या गाड्यांच्या टाकीचें झाकण उंचवट्यासारखें वर असे. पाणी त्यावरून ओघळून जाई. पुढें टाकीच्या पृष्ठाशीं सपाट बसणारें किल्लीचें झाकण आलें. तें दिसावयास सुबक. पण त्याच्या भोंवतीं खळगा राहतो व त्यांत पावसाचें पाणी सांचतें. तें वाहून जावें म्हणून खळग्यांत एक बारीक छिद्र ठेवलेलें असतें. त्यास जोडलेली नळी टाकीच्या पोटांतून खालीं उतरते, आणि तेथून रबरी नळीवाटें पाणी जमिनीवर पडतें. छिद्र धुळीनें, किंवा नळीचें खालचें तोंड चिखलानें वा कुंभारीण माशीच्या मातीनें बुजलें, कीं खळग्याचें तळें होतें. आणि झाकणाचें रबर जुनें असल्यास तें पाणी पेट्रोलांत उतरतें.

पाणी पेट्रोलाहून जड, म्हणून तें तळाशीं बसतें. आणि एंजिनाकडे जाणारी तोटीहि तळाशींच असते. टाकी आंतून गंजते ती निराळीच. शिवाय २०२५ सालापर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलांत शेंकडा २० इथेनॉल मिसळण्याची पद्धत रूढ झाली आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतें. पाणी प्रमाणाबाहेर झालें कीं तीं दोन्ही मिळून पेट्रोलापासून वेगळीं होतात व तळाशीं थर धरतात. म्हणजे बिघाड पूर्वींपेक्षां मोठा. मागें मूल बसलेलें असतां गाडी भर पावसांत घाटांत बंद पडावी, याचें मूळ अशा काडीएवढ्या छिद्रांत असूं शकतें.

उपाय सोपा आहे. मात्र तो सावधपणें करावा. गाडी उघड्यावर, मधल्या स्टँडवर उभी करावी व एंजिन पूर्ण निवूं द्यावें. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत दूरवर पसरते. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशीं, किंवा जवळपास निरांजन वा उदबत्ती पेटलेली असतां हें काम करूं नये. प्रथम खालची रबरी नळी शोधून, ती पेट्रोलाची नळी नाहीं याची खात्री करून, सोडवावी व पाण्यानें धुवावी. पुष्कळदां अडथळा तेथेंच सांपडतो. नंतर झाकण उघडून टाकीच्या तोंडांत स्वच्छ फडक्याचा बोळा बसवावा, म्हणजे कचरा आंत पडणार नाहीं. मग नायलॉनचा ताठ दोरा नळींत खालून वर हळूहळू सरकवावा. पोलादी तार घालूं नये. आंतली नळी गंजून पातळ झालेली असली तर ती फुटेल, आणि मग पाणी थेट टाकींत जाईल व पेट्रोल खालीं ठिबकूं लागेल. त्याच कारणास्तव पंक्चरच्या दुकानांतील जोराची हवाहि मारूं नये.

झाकणाचें रबर तडकलें असेल तर तें बदलावें. शेवटीं रबरी नळी पुन्हां जोडून, बोळा काढून, झाकण लावावें आणि कडेच्या खळग्यांत पळीभर पाणी घालावें. तें लगेच खालून ठिबकलें म्हणजे काम झालें.

पाणी आधींच आंत गेल्याचा संशय असेल, तर कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडें पेट्रोल काचेच्या बाटलींत घ्यावें. घटकाभरानें तळाशीं वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करण्याचें काम जाणत्या कारागिराकडे सोंपवावें. काढलेलें पेट्रोल मोरींत मात्र ओतूं नये.

घराच्या पन्हळी ज्या दिवशीं साफ होतात, त्याच दिवशीं हीहि व्हावी. आणि तें काम घरांतील एका कोणाच्या तरी नांवावर नेमून द्यावें.