क्लिपिंगला शिव्या देण्याआधी फ्यूज बघा

दारव्ह्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलेली, डिकी थरथरवत जाणारी गाडी तुम्ही पाहिलीच असेल. तिचा सबवूफर जळला की मालक म्हणतो, ‘क्लिपिंगनं गेला!’ हे अर्धंच खरं आहे.

ॲम्पला मिळणाऱ्या व्होल्टेजपलीकडे तो लाट उंच करू शकत नाही. मग लाटेचा माथा सपाट कापला जातो, हेच क्लिपिंग. पण स्पीकरला मारते ती उष्णता. लाट पार चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या साइन लाटेच्या दुप्पट पॉवर व्हॉइस कॉइलमध्ये जाते. म्हणजे १०० वॅटचा ॲम्प २०० वॅटच्या आसपास ओततो. सबवूफर ५०० वॅट आरएमएसचा असेल तर तो हे पचवतो, आवाज तेवढा फाटतो. तोही १००चाच असेल तर थोड्या वेळात जळका वास! ट्विटर तर त्याहून नाजूक. आणि मोठा ॲम्प अगदी स्वच्छ आवाजातही छोटा स्पीकर जाळू शकतो, हे कुणी सांगत नाही.

खरी फसवणूक खोक्यावर असते, असं आमचं मत. ‘३००० वॅट’ छापलेलं, आणि फ्यूज ३० अँपिअरचा. १४ व्होल्ट गुणिले ३०, झाले ४२० वॅट. बाकीचे कुठून येणार? पॉकेटमनी साठवून तुम्ही त्या छापील आकड्याचे पैसे मोजता राव.

तेव्हा आरएमएस विचारा, वायर जाड घ्या, अर्थिंग पक्कं करा. गेनचा नॉब आवाज वाढवायला नसतो. आवाज फाटला की तो मागे घ्या, बेस बूस्ट शून्यावर ठेवा.