आज बातमी नाही

१८ एप्रिल १९३०. गुड फ्रायडे होता. रात्री पावणेनऊच्या बातम्या ऐकायला इंग्लंडमधली माणसं रेडिओभोवती बसली होती. बीबीसीच्या निवेदकाने सांगितलं, आज बातमी नाही. उरलेला वेळ पियानो वाजत राहिला.

जगात त्या दिवशी काही घडलंच नव्हतं असं मुळीच नाही. आपल्याकडे मिठाचा सत्याग्रह पेटला होता, वऱ्हाडात दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीचं पाणी आटवून लोक कायदा मोडत होते आणि नेमक्या त्याच रात्री चितगावात सूर्य सेन यांच्या साथीदारांनी शस्त्रागारावर छापा घातला. साम्राज्याच्या कानांना सगळंच ऐकू येत नसे. तरीही सांगण्यासारखं काही हाती नसेल तर तसं सरळ सांगून मोकळं व्हायचं, हे धाडस त्या निवेदकाकडे होतं. आजच्या चोवीस तासांच्या वाहिन्यांना ते परवडत नाही. मग सणाच्या दिवशी बातमी नसेल, तर सणाचीच बातमी करावी लागते.

चांदूर रेल्वेत रमजानच्या संध्याकाळी दस्तरखानावर खजूर आणि टरबुजाच्या फोडी मांडून घरातले सगळे मगरिबच्या अजानची वाट पाहत असतात. कोपऱ्यात टीव्ही चालू असतो. त्यावर रमजान दिसतो तो बहुधा पोलीस बंदोबस्तात नाहीतर चौघांच्या भांडणाच्या चौकटीत. महिनाभर रोजे ठेवून रोज दुकान उघडणारा माणूस त्या चौकटीत कुठेच बसत नाही.

चांदाचीही तीच गत. सौदीत चांद साधारणपणे आपल्या एक दिवस आधी दिसतो. त्या रात्री पट्टी फिरते, ‘चांद दिसला, उद्या ईद’. सौदीतली ईद हे पट्टीत नसतंच, किंवा इतकं मागे असतं की वाचेपर्यंत निघून जातं. इकडे दूधवाला दारात उभा, ‘‘उद्या हाये का जी ईद? किती लिटर टाकू?’’ शीरखुर्म्याचं दूध एक दिवस आधी घेऊन कोण ठेवणार? त्याला खरं उत्तर द्यायला इथल्या हिलाल कमिटीच्या घोषणेची वाट पाहावी लागते आणि ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येते.

सणाच्या दिवशी टीव्हीने काय करावं, याचं उत्तर काही देशांना न शोधताच सापडलं आहे. ब्रिटनमध्ये नाताळच्या दुपारी तीन वाजता राजघराण्याचा संदेश लागतो; रेडिओवर १९३२ पासून, टीव्हीवर १९५७ पासून. तो काही फार ऐकण्यासारखा असतो असं नाही. जेवणं आटोपून आजी-आजोबांसकट सगळे बसतात, एवढंच त्याचं महत्त्व. स्वीडनमध्ये १९६० पासून नाताळच्या आदल्या दुपारी डोनाल्ड डकची तीच ती कार्टून्स दाखवतात. सगळ्यांत गमतीचा प्रकार जर्मनीचा. ‘डिनर फॉर वन’ हे अठराएक मिनिटांचं इंग्रजी प्रहसन हॅम्बुर्गच्या वाहिनीने १९६३ मध्ये चित्रित केलं. नव्वदीची म्हातारी वाढदिवसाला चार जुन्या मित्रांना जेवायला बोलावते. ते चौघे केव्हाच वारलेले, म्हणून त्यांच्या वाटची दारू बिचारा बटलरच पितो. दर ३१ डिसेंबरला अख्खा जर्मनी हे पाहतो. ज्या ब्रिटनची ही भाषा आणि हे नट, तिथल्या टीव्हीवर ते पहिल्यांदा लागलं २०१८ मध्ये!

या कार्यक्रमांत नवीन काहीच नसतं. पुढचा विनोद पोरांनाही पाठ असतो. पण शेजारच्या घरातही आत्ता हेच चालू आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

आपल्याकडेही असा रविवार होता. १९८८ ते १९९० या काळात ‘महाभारत’ लागलं की गावोगावचे रस्ते ओस पडत. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरात सगळी गल्ली, जात-धर्म कोणी विचारत नसे. त्यातले संवाद लिहिले होते गाझीपूरच्या राही मासूम रझा यांनी आणि अर्जुन झाला होता फिरोज खान. ती एकच वाहिनी होती म्हणून ते जमलं, असं म्हणतात. ते बरंचसं खरं आहे. पण जर्मनीत आज वाहिन्या कमी आहेत का?

ब्रिटनच्या चॅनल फोरने २०१३ च्या रमजानमध्ये रोज पहाटे फजरची अजान दाखवली. तक्रारी आल्या, वाद झाले. मुद्दाम खळबळ उडवावी हा हेतू वाहिनीने लपवलाही नव्हता. इथेच ते बिघडलं. अजान रोजच्यासारखी, न बोलता लागली असती तर ती सवय झाली असती. गाजावाजा केल्यामुळे तिची बातमी झाली.

बातमी करायचीच तर २०२३ साल होतं की. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, २९ जूनला. राज्यात कितीतरी ठिकाणी मुस्लिमांनी कुर्बानी दुसऱ्या दिवसावर ढकलली. मग २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा मुंबईत जुलूस एक दिवस पुढे गेला आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. हे सगळं बैठकांत, चहा घेत ठरलं. कॅमेऱ्याला त्यात धावपळ दिसत नाही, म्हणून टीव्हीवर ते आलं आणि गेलं.

याउलट नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दगडफेक झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. अशा वेळी वाहिन्यांवर एकच फुटलेली काच दिवसभर फुटत राहते. अमरावती इथून तासाभराच्या आत. त्यात पट्टीवर कधी नुसतं ‘चांदूर’ आलं, तर ते रेल्वे की बाजार हे कळेपर्यंत नातेवाइकांचे फोन सुरू होतात.

मोठ्या वाहिन्या चांदूर रेल्वेचं ऐकणार नाहीत. गावच्या पातळीवर मात्र करता येईल. ईदच्या सकाळी ईदगाहवरची नमाज, पोळ्याला बैलजोड्या, अनंत चतुर्दशीला मिरवणूक, हे केबलवर दरवर्षी ठरल्या वेळी, निवेदकाशिवाय, नुसतं दाखवावं. पहिल्या वर्षी लोक स्वतःचा चेहरा शोधतील, दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याचा. आणि चांदरातीच्या पट्टीवर आधी ‘सौदीत’ ही तीन अक्षरं लिहिली, तर दूधवाल्याची एक खेप तरी वाचेल.