शंभर डॉलरची नोट

या अंकातला मुख्य लेख बिली वाइल्डरच्या १९६० सालच्या ‘द अपार्टमेंट’वर आहे. पाच ऑस्कर मिळवणारा हा देखणा, कृष्णधवल चित्रपट प्रेमकथा म्हणून ओळखला जातो, पण ज्या व्यवहारावर तो उभा आहे तो किळसवाणाच आहे. न्यूयॉर्कमधल्या विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर बढतीच्या आशेने आपल्या घराची किल्ली विवाहित साहेबांना त्यांच्या भानगडींसाठी देतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेल्ड्रेकसाहेब लिफ्ट चालवणाऱ्या फ्रॅनच्या हातात भेट म्हणून शंभर डॉलरची नोट ठेवतात आणि बायकामुलांकडे निघून जातात. फ्रॅन बॅक्स्टरच्या त्याच घरात झोपेच्या गोळ्या घेते. फ्रॅन झालेल्या शर्ली मॅक्लेनचा ती नोट पाहतानाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

जॅक लेमनचा बॅक्स्टर इतका लोभस आहे, की आपण त्याला लगेच माफ करतो. मला तेच खटकतं. तो अखेर किल्ली नाकारतो, नोकरीही सोडतो, पण फ्रॅनवरच्या प्रेमापोटी. तिच्याआधी त्या घरात आलेल्या बायकांचं काय? त्या बहुतेक विनोदापुरत्याच येतात. अनुराग बसूंनी २००७ मध्ये ‘लाइफ इन अ मेट्रो’त हीच किल्ली मुंबईत आणली, तेव्हाही हा प्रश्न मिटला नाही.

मुख्य लेखाच्या लेखिकेला माझं म्हणणं मान्य नाही. वाइल्डर आपल्यालाही त्या व्यवहारात ओढतो, हीच चित्रपटाची ताकद आहे, असं त्या लिहितात.