इंदूरच्या दोन भगिनी

मुलींच्या शिक्षणास आज उघड विरोध कोणी करीत नाही. तथापि विरोध नसणे म्हणजे प्रोत्साहन असणे नव्हे, हे आम्ही शाळेत नित्य पाहतो. गणितात उत्तम गुण मिळविणारी मुलगी विज्ञान शाखा घेऊ म्हणते, तेव्हा घरातून प्रश्न येतो, ''तुला झेपेल का?'' तिच्या भावाला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. रागाने केलेला विरोध मुलगी एक वेळ परतवील. मायेपोटी व्यक्त झालेली ही शंका मात्र तिच्या मनात घर करून राहते.

या शंकेवरचा उतारा उपदेशात नाही, उदाहरणात आहे. आणि त्यासाठी आम्हां इंदूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. १९१० साली दुर्गाबाई भागवत आणि १९११ साली त्यांच्या धाकट्या भगिनी कमला, म्हणजेच पुढे डॉ. कमला सोहोनी, या दोघींचा जन्म याच नगरीतला. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा असताना आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई आपणांस ठाऊक आहेत. कमलाबाई तितक्या ठाऊक नाहीत.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. केवळ स्त्री म्हणून त्यांनी नकार दिला. कमलाबाईंनी तो मानला नाही. अखेर एक वर्ष काम पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्या कसोटीस उतरल्या आणि पुढे तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषविले.

हे धैर्य आले कोठून? त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या त्याच संस्थेत शिकलेले होते. जे शास्त्र घरातच वावरत होते, ते त्या मुलीला परके कसे वाटावे?

प्रत्येक घर असे नसते. जेथे ते नाही, तेथे ही उणीव समाजाने भरून काढावयाची असते. आपल्या परिचयात एखादी महिला डॉक्टर, अभियंता, प्राध्यापिका वा बँक अधिकारी असतेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलवावे, घरच्या व शेजारच्या मुलींना तिच्याजवळ बसवावे. तिने आपल्या यशाबरोबर अडचणीही सांगाव्यात. त्या कशा ओलांडल्या, हेच मुलींना ऐकावयाचे असते.

मात्र एक पथ्य पाळावे. ''तिच्यासारखी हो'' असा धोशा लावू नये. आदर्श हा मापदंड झाला की त्याचे ओझे होते. या वाटेने कोणी गेले आहे, एवढे मुलीला कळले तरी पुरे. पाऊल तिचे ती उचलील. आपण फक्त ''झेपेल का?'' ऐवजी ''काय हवे?'' असे विचारावे.